चाकांची रंगसफेदी

पुण्यातील कोणत्याही सहकारी गृहरचना संस्थेच्या वाहनतळावर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास सहज फेरी मारली, तर एखाद्या मोटारीपुढे उतारवयाचा एक गृहस्थ, अंगात बाहेर कोठेही घालण्यास अपात्र ठरलेला सदरा, डोक्याला पंचा आणि बैठकीस न्हाणीघरातले प्लास्टिकचे बसके स्टूल अशा थाटात, मोटारीच्या चाकाकडे टक लावून बसलेला हमखास आढळतो. त्याच्या मुद्रेवर त्या क्षणी जे गांभीर्य विलसत असते, ते मुलीचे लग्न ठरविताना किंवा राहत्या घराचे खरेदीखत नोंदविताना तरी तिच्यावर उमटले होते की नाही, याविषयी मला शंका आहे. वास्तविक चाक हा मोटारीचा अत्यंत उपेक्षित अवयव होय. बॉनेटवरून मायेने फडके फिरते, काचेवर पाणी पडते, दसऱ्याला झेंडूची माळ चढते ती पुढच्या जाळीवर. चाकाच्या वाट्याला नवी गाडी घरी येते त्या दिवशी एक लिंबू येते, आणि तेही त्याने चिरडावे म्हणून. त्यानंतर रस्त्यातील चिखल, खड्ड्यांतील खडी आणि ब्रेकच्या घर्षणातून उडणारी लोखंडाची तप्त भुकटी ही सर्व त्याने निमूटपणे अंगावर घ्यावयाची. गाडी थांबविण्याचा मुख्य भार पुढच्या ब्रेकांवर पडत असल्याने पुढची दोन चाके मागच्या दोहोंपेक्षा अधिक काळवंडतात, एवढी साधी गोष्टही वर्षानुवर्षे गाडी बाळगणाऱ्यांच्या लक्षात आलेली नसते.

अशा या उपेक्षिताचे दैव उघडते ते बहुधा व्हील कॅपच्या अपघाती निधनाने. बेताच्या किमतीच्या मोटारींची चाके दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याची असतात, आणि त्यांचे ओबडधोबड रूप चारचौघांच्या दृष्टीस पडू नये म्हणून कारखानदार त्यांवर प्लास्टिकची चंदेरी झाकणे बसवून देतो. ही झाकणे तारेच्या एका कड्याच्या भरवशावर टिकून असतात. आणि आपल्याकडील गतिरोधकांची उंची व त्यांवर पांढरे पट्टे न मारण्याचा शिरस्ता विचारात घेता, त्यांपैकी एखादे केव्हा ना केव्हा उडून रस्त्याकडेच्या गटाराला समर्पित होणार, हे विधिलिखितच आहे.

आमच्या इमारतीत हा प्रसंग ओढवला तो भाऊसाहेबांवर. भाऊसाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना तालुक्यातील माणसे त्यांना ज्या नावाने हाक मारीत, त्याच नावाने आम्ही शेजारीही त्यांना संबोधतो. कात्रजच्या घाटात त्यांच्या गाडीची एक कॅप उडाली आणि तिच्यामागे दडलेला, कित्येक पावसाळ्यांचा साचलेला तांबडा गंज उजेडात आला. भाऊसाहेब दुसऱ्याच दिवशी नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. "साहेब, सुटी नाही मिळत, चाराचा सेट घ्यावा लागतो," असे दुकानदाराने सांगताच, तीन शाबूत असताना चार विकत घेणे हा उघडउघड अपव्यय असल्याचा निर्णय देऊन त्यांनी उरलेल्या तिन्ही कॅपा कायमच्या बडतर्फ केल्या, आणि त्याच दुकानातून करड्या प्रायमरचे, चंदेरी रंगाचे व पारदर्शक लॅकरचे फवाऱ्याचे डबे, पॉलिश पेपरचे ताव आणि मास्किंग टेपची वेटोळी पिशवीत भरून ते घरी परतले.

हे काम बाहेरून करून घेण्याची सोय नव्हती असे नाही. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगचे पुष्कळ कारखाने आहेत. तेथे टायर उतरवून नुसती चाके आत नेतात, विद्युद्भारित केलेली रंगाची पूड त्यांवर उडवितात आणि दोनशे अंशांच्या आसपास तापविलेल्या भट्टीत ती वितळवून घट्ट बसवितात. हा थर फवाऱ्याच्या रंगापेक्षा निःसंशय अधिक टिकाऊ. परंतु मूळ दस्तऐवज कार्यालयाबाहेर जाऊ द्यावयाचा नाही या तत्त्वावर ज्याची सारी हयात गेली, तो मनुष्य आपली चाके एका कागदी पावतीच्या विश्वासावर भोसरीस रवाना करील, ही अपेक्षाच चुकीची होती.

कामास प्रारंभ झाला तो अर्थातच नोटिशीने. संस्थेच्या फलकावर, पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना किंचित बाजूला सारून, पुढील मजकूर सुवाच्य अक्षरात झळकला: "तमाम रहिवाशांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, खाली सही करणार यांचे मालकीच्या वाहनाची चाके येत्या रविवारपासून एकेक करून रंगविण्याचे योजिले आहे. त्यास कोणाची हरकत असल्यास ती लेखी व सबळ कारणांसह शनिवारी सायंकाळी पाच वाजेपावेतो दाखल करावी. मुदतीत हरकत न आल्यास ती नाही असे समजून पुढील कारवाई करण्यात येईल."

हरकती दोन आल्या. पहिली तिसऱ्या मजल्यावरील एका सद्गृहस्थांची होती. त्यांच्याजवळ कोणतेच वाहन नव्हते. परंतु उद्या आपण गाडी घेतली, ती भाऊसाहेबांच्या शेजारी उभी केली आणि तिच्यावर रंगाचे शिंतोडे उडाले तर काय, असा त्यांचा सवाल होता. ती भविष्यकालीन म्हणून निकालात निघाली. दुसरी हरकत अधिक गंभीर, कारण ती घरातूनच आली. रविवार पितृपक्षात पडत होता, आणि पितृपक्षात नवे काम हाती घेऊ नये असे वहिनींचे म्हणणे पडले. यावर भाऊसाहेबांनी, चाके जुनी असल्याने हे नवे काम नसून देखभाल व दुरुस्ती या सदरात मोडते, असा जो निवाडा दिला त्यापुढे धर्मशास्त्रासही मान तुकवावी लागली.

चारही चाके एकदम उतरवून गाडी विटांवर ठेवण्याचा मार्ग भाऊसाहेबांना निंद्य वाटला. गाडीला स्टेपनी एकच, म्हणून एका रविवारी एकच चाक उतरवायचे, त्या जागी स्टेपनीकडे तात्पुरता कार्यभार सोपवायचा, मूळ चाक रंगून व वाळून पुन्हा रुजू झाले की स्टेपनीने पुढच्या जागी जायचे, अशी त्यांची तजवीज होती. डिकीच्या अंधारात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या त्या स्टेपनीला, आपल्या सेवाकाळात गाडीच्या चारही कोपऱ्यांचा प्रभार मिळेल असे स्वप्नातही वाटले नसेल. नट आधी जमिनीवरच थोडे सैल करून मगच जॅक लावायचा असतो, एरवी अधांतरी चाक पान्याबरोबर गरगर फिरते आणि नट तसाच राहतो, हे भाऊसाहेबांना ठाऊक होते. आमच्या रखवालदाराला नव्हते, आणि त्याने मदतीस म्हणून पुढे केलेला हात त्यांनी सौजन्यपूर्वक परत पाठविला.

चाक उतरताच रंगाचा डबा निघेल या आशेने जमलेल्या बालगोपालांची घोर निराशा झाली. सकाळचा सारा वेळ भाऊसाहेबांनी ते चाक साबणाच्या पाण्याने धुण्यात, तारेच्या ब्रशाने गंज खरवडण्यात आणि आधी जाड्या व मग बारीक पॉलिश पेपरने घासण्यात घालविला. जुना रंग समूळ काढावयाचा नसतो, त्याची नुसती चमक मोडावयाची असते, जेणेकरून नव्या थराला धरून बसण्यास खरखरीत जागा मिळते. गंज मात्र मुळापासून काढावा लागतो, कारण वरून रंग फासून झाकलेला गंज आतल्या आत आपला उद्योग चालू ठेवतो आणि एखाद्या पावसाळ्यानंतर रंगासकट फुगून वर येतो. "अतिक्रमण नियमित करायचं नसतं, काढायचं असतं," असे भाऊसाहेब ब्रश चालविता चालविता म्हणाले. हे तत्त्व त्यांच्या तालुक्यात कितपत अमलात आले होते हे विचारण्याची ती वेळ नव्हती. त्यानंतर थिनरच्या बोळ्याने पुसणी झाली, आणि त्या क्षणापासून चाकाला उघड्या बोटाने स्पर्श करण्यास सर्वांना मज्जाव झाला. कारण बोटाचा तेलकट ठसा उमटला की रंग तेवढ्याच जागेवरून मागे सरतो व तेथे माशाच्या डोळ्यासारखी बारीक खळगी राहते.

यापुढे जे घडले त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की, रंग लावणे हे मुख्यतः रंग न लावण्याचे शास्त्र आहे. ज्या ठिकाणी रंग हवा ते ठिकाण एक. ज्या ठिकाणी तो नको अशी ठिकाणे असंख्य. टायरला नको, हवेच्या वॉलला नको, बॅलन्सिंगच्या शिशाच्या तुकड्यांना धक्का लावणेही नको, जमिनीला नको, शेजाऱ्याच्या गाडीला तर नकोच नको. सामान्य कलावंत येथेच फसतो, कारण त्याचे सारे चित्त हव्या असलेल्या जागेवर खिळलेले असते. ज्याने जन्मभर कोणाला काय देता येणार नाही याचाच विचार केला, त्याच्या दृष्टीने मात्र हे काम म्हणजे पूर्वीचीच नोकरी.

त्यातही चाकाची कड आणि टायर यांची जेथे गाठ पडते, ती सीमारेषा फार वादग्रस्त. रबराला टेप धड चिकटत नाही, आणि गोलाईवर सरळ टेप बसवू गेल्यास तिला सुरकुत्या पडतात. या अडचणीवर जाणकारांनी शोधलेला तोडगा असा की, टायर व चाकाची कड यांमधील फटीत खेळण्याचे पत्ते, एकावर एक किंचित चढवून, सभोवार उभे खोचावेत. मग रंग पत्त्यांवर उडतो आणि टायर कोरडा राहतो. एका चाकाला एक जोड सहज पुरतो. भाऊसाहेबांनी घरातला जोड जप्त केला आणि मांडणीस बसले. बदाम, चौकट, किलवर व इस्पिक अशा क्रमानेच पत्ते लागले हे सांगावयास नको. एक्का वॉलच्या शेजारी, तेथून डावीकडे उतरत्या श्रेणीने दुर्री. जोकर दोन्ही बाजूला, पंच म्हणून. आणि राजाराणीच्या तोंडाला रंग फासला जाऊ नये या सद्भावनेने त्यांनी प्रत्येक पत्त्याची पाठ बाहेर ठेवली. या सद्भावनेचे पर्यवसान पुढे कशात झाले ते यथावकाश येईलच.

चाकाची मागची बाजू, जी गाडीच्या हबला टेकते, आणि नट बसतात त्या उतरत्या खाचा, हा सर्व प्रदेश कागद व टेप लावून निषिद्ध घोषित करण्यात आला. हा केवळ सोवळेपणा नव्हे. नटाची पकड धातूवर धातू घट्ट दाबला गेल्याने टिकते. मध्ये रंगाचा थर असला तर तो उष्णतेने व भाराने दबत जातो आणि वरवर आवळलेला नट काही काळाने सैल पडतो. घरच्या घरी चाके रंगविणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे माहीत नसते, आणि ते नट देखील हौसेने चंदेरी करून ठेवतात.

शेवटी एकदाचा डबा बाहेर आला. अशा डब्याच्या पोटात एक छोटीशी गोळी असते. हलविल्यावर ती खुळखुळू लागली की तळाशी बसलेला रंग सुटू लागला असे समजायचे, आणि त्यानंतरही आणखी एखाददोन मिनिटे हलवीत राहायचे. भाऊसाहेबांनी मनगटावरचे घड्याळ समोर धरून तो विधी पार पाडला. नळी चाकापासून एका वितीच्या अंतरावर हवी. जवळ नेली तर रंग ओघळतो, दूर धरली तर तो हवेतच वाळून चाकावर रवाळ बसतो. हात चाकाच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे थांबावा, मध्ये कोठेही रेंगाळू नये. पहिला थर इतका पातळ द्यावयाचा की बघणाऱ्याला रंग संपत आला असे वाटावे. बघणाऱ्यांना तसे वाटले, आणि तसे त्यांनी बोलूनही दाखविले.

एका थराला लागतो अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ, आणि पुढच्या थराआधी थांबावे लागते दहा-पंधरा मिनिटे. सल्ला देण्याच्या इच्छेला मराठी मुलखात याहून सोयीचा अवकाश उपलब्ध नाही. चंदेरीऐवजी काळा का घेतला नाही, मॅट का नको, थरांच्या मध्ये केस वाळविण्याचे यंत्र का लावू नये, आपल्या मेव्हण्याने ब्रशने रंगविली होती ती किती वर्षे टिकली, अशा नाना सूचना येऊ लागल्या. भाऊसाहेब प्रत्येक सूचनेवर "नोंद घेतली" एवढाच शेरा मारीत आणि काम पंधरा मिनिटांसाठी तहकूब करीत. मोटारींच्या रंगकामात थांबण्याची ही परंपरा जुनीच आहे. एके काळी ब्रशने व्हार्निशचे थर चढवून मोटार रंगवीत, तेव्हा ती वाळून बाहेर पडण्यास आठवडेच्या आठवडे लागत. १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर ड्यूको हे झटपट वाळणारे लॅकर आले, आणि आपल्याकडील गॅरेजांत मोटारीचा कोणताही चकचकीत रंग पुढे ड्यूको याच नावाने ओळखला जाऊ लागला. फवाऱ्याच्या डब्याची वंशावळही मोठी मनोरंजक आहे. नॉर्वेच्या एरिक रोटहाइम या अभियंत्याने १९२७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कृषिखात्यातील संशोधकांनी त्यात डास मारण्याचे औषध भरून तो सैनिकांच्या हाती दिला. आणि त्यात रंग भरला तो १९४९ मध्ये, इलिनॉय राज्यातील सिकॅमोर गावच्या एड सीमोर या गृहस्थांनी. घरे उबदार राखणाऱ्या रेडिएटरांवर लावण्याचा आपला ॲल्युमिनियमचा रंग गिऱ्हाइकांना चटकन करून दाखवावा एवढाच त्यांचा हेतू होता, आणि युक्ती सुचविली होती त्यांच्या पत्नीने. म्हणजे या कुळातील सर्वांत वडील रंग चंदेरीच. मी ही हकीकत भाऊसाहेबांना सांगितली तेव्हा, पत्नीच्या सूचनेचा भाग त्यांनी मला थोडा हळू आवाजात सांगावयास लावला.

नोटीस बजावता आली नाही अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे वारा. हवेत तरंगणारे रंगाचे कण अर्धवट वाळून शेजारच्या गाडीवर बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत, हात फिरविला की खरखर लागते. यासाठी भाऊसाहेबांनी वाऱ्याच्या बाजूस एक जुना फ्लेक्स टांगला. त्यावर कोणा भावी नगरसेवकाची, दोन्ही हात जोडून उभी असलेली हसतमुख मूर्ती होती. तिसऱ्या थरापर्यंत त्या जोडलेल्या हातांवर व मिशांवर चंदेरी धुके उतरले, आणि त्या चेहऱ्याला जे प्रौढत्व प्राप्त झाले ते निवडणुकीपूर्वी प्राप्त झाले असते तर ठीक होते.

दुसरा शत्रू आर्द्रता. परतीचा पाऊस रेंगाळत असताना लॅकर मारले, तर त्यातील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतील बाष्प त्यावर धरते आणि पारदर्शक थर दुधाळ होतो. भाऊसाहेबांजवळ आर्द्रतामापक यंत्र नव्हते. त्यांनी स्वयंपाकघरातून मिठाची वाटी आणून फ्लेक्सखाली ठेवली. शुद्ध मीठ ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाणी सोडू लागते, बाजारातले त्याच्याही आधी. तेव्हा मीठ कोरडे तर काम चालू, मीठ चिकट तर काम पुढील आदेशापर्यंत बंद, असा साधा नियम ठरला. मधल्या एका रविवारी मीठ चिकटले आणि उतरविलेले चाक न रंगविता आत गेले. "अहो, आमटीत घालायला तरी मीठ ठेवा की थोडं!" असा आवाज वरून आला, त्यावर, ते मीठ सध्या सरकारी कामात अडकले असल्याचे उत्तर खालून गेले.

ज्यांना हे काम बिघडावे अशी मनोमन इच्छा होती त्यांच्यासाठी वाईट बातमी अशी की, चाके अप्रतिम झाली. एकही ओघळ नाही, एकही खळगी नाही, टायरवर रंगाचा ठिपका नाही. नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले गेले, डबा उलटा धरून नुसता वायू बाहेर येईपर्यंत दाबून नळी साफ करण्यात आली, आणि अखेर गाडी चार नव्या चाकांवर उभी राहिली. अडचण एवढीच झाली की, चाके काल कारखान्यातून आल्यासारखी दिसत असल्याने गाडीचे वय, जे आजवर कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हते, ते आता फाटकापासून ओळखू येऊ लागले. स्टेपनीचा प्रश्न काही काळ प्रलंबित होता. डिकीतल्या अंधारात ती कोणास दिसणार, असे आम्ही म्हणत होतो. परंतु चारही जागांचा कार्यभार निष्ठेने सांभाळणाऱ्या सेवकास वगळणे भाऊसाहेबांच्या न्यायबुद्धीस मानवले नाही, आणि शिल्लक डब्यांतून तिलाही रंग मिळाला.

पत्त्यांचे प्रकरण मात्र चिघळले. वहिनींकडे दर गुरुवारी दुपारी रमीचा डाव पडतो. पाठीकडून रंगलेल्या पत्त्यांवर प्रत्येकी वेगळ्या आकाराची चंदेरी कड उमटली होती, आणि क्रमाने खोचलेले असल्याने एक्क्याची कड रुंद, दश्शीची तिरपी, गुलामाची कोपऱ्यात तुटलेली, हे दोन डावांतच सर्व भगिनींच्या ध्यानात आले. त्यांपैकी एकीने वहिनींवर खुणेचे पत्ते वापरल्याचा स्पष्ट आरोप केला. भाऊसाहेबांनी चौकशीची तयारी दर्शविली, परंतु त्यांना त्या दालनात प्रवेश नाकारण्यात आला, आणि नवा जोड त्यांच्या निवृत्तिवेतनातून आणावा असा हुकूम झाला. व्हील कॅपचा संच त्याहून फारसा महाग पडला नसता, असे वहिनी अजून म्हणतात. हे गणित चुकीचे आहे, परंतु ते तपासून देण्याचे काम माझे नाही.

माझे मत विचाराल तर, चाके रंगविण्यास चित्रकार बोलावू नये, महसूल खात्यातला माणूस गाठावा. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशा खात्यातून निवृत्त झालेले वडीलधारे असतील, आणि पितृपक्षाच्या सुमारास त्यांची नजर मोटारीच्या चाकांवर स्थिरावू लागली असेल, तर त्यांना खुशाल परवानगी द्यावी. घरातला पत्त्यांचा जोड तेवढा आधी कुलपात ठेवावा. रंगकामानंतर पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा एकदा आवळून पाहायचे असतात, याची आठवण मात्र त्यांना करून देऊ नये. ती तारीख त्यांच्या वहीत आधीच लिहिलेली असते.